काय शिकायचं ते ठरलेलं नाही? बेळगाव-निपाणीच्या विद्यार्थ्यांनो, आधी एवढं पाहा

एप्रिल-मेमध्ये पीयूसीचा आणि एसएसएलसीचा निकाल लागतो. तेव्हापासून कॉलेजं सुरू होईपर्यंत सीमाभागातल्या घराघरांतून तेच प्रश्न येत राहतात. "मार्क पडलेत, पण काय घ्यावं कळत नाही." "सायन्स नाही घेतलं तर पुढे पस्तावायला होईल का?" "निपाणीत राहून अर्जुननगरला अकरावी केली तर कर्नाटकची सीईटी हातची जाते का?" "दहावीपर्यंत मराठीतून शिकलोय, एकदम इंग्रजी झेपेल का?"

हा लेख ज्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी आयुष्यभराचं काम ठरलेलं नसणं यात काहीही वावगं नाही. या जूनमध्ये तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच: पुढची दोन-तीन वर्षं कुठे आणि काय शिकायचं, आणि त्या निवडीमुळे कोणती वाट पुन्हा उघडणार नाही. सीमाभागात दोन राज्यांच्या शिक्षणव्यवस्था एका बसच्या अंतरावर आहेत. ही मोठी सोय आहे. पण दोन्हीकडचे नियम वेगळे, कागद वेगळे, तारखा वेगळ्या. इथली मुलं गुणांमुळे मागे पडतात त्यापेक्षा दाखल्यांमुळे आणि चुकलेल्या तारखांमुळे जास्त मागे पडतात, असं माझं ठाम मत आहे.

शाखेआधी या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, कागदावर:

- घरात पहिला पगार कधी यायला हवा? दोन वर्षांत, तीन वर्षांत, की पाच-सहा वर्षं थांबता येईल?
- दहावीचा कोणता विषय तुम्ही कुणी न सांगता वाचत होता? आणि कोणत्या विषयाचं पुन्हा तोंडही पाहू नये असं वाटतं?
- रोज किती वेळ बसमध्ये घालवता येईल? हॉस्टेलचा खर्च झेपेल का?
- शेताची, तंबाखूच्या हंगामाची, दुकानाची किती कामं तुमच्यावर आहेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. बरेच पालक मुलांपुढे पैशाची अडचण बोलत नाहीत, मुलं विचारत नाहीत, आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटतं. दोन वर्षांत कमाई हवी असेल तर आयटीआय हा सरळ मार्ग आहे. तीन वर्षं हातात असतील तर डिप्लोमा. पाच-सहा वर्षं थांबता येत असेल तरच पीयूसी आणि पदवीचा हिशेब मांडा. कमाई लवकर सुरू केली म्हणून शिक्षण संपत नाही, ते कसं ते पुढे येईलच.

दहावीनंतर: कोणत्या निवडीने कोणतं दार बंद होतं

कर्नाटकात पीयूसीला दोन भाषा आणि चार विषय असतात. चार विषयांच्या त्या गटाला कॉलेजात 'कॉम्बिनेशन' म्हणतात. न ठरलेल्या विद्यार्थ्याने शाखेच्या नावापेक्षा या कॉम्बिनेशनकडे बघावं.

सायन्समध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी, म्हणजे पीसीएमबी घेतलं तर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, कृषी, नर्सिंग ही सगळी दारं उघडी राहतात. बायॉलॉजीऐवजी कॉम्प्युटर सायन्स घेतलं की 'नीट'ची वाट जवळपास मिटते. मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग जातं. सायन्सचा विद्यार्थी पुढे बीकॉम, बीए, कायदा यांकडे वळू शकतो, पण आर्ट्स-कॉमर्सच्या विद्यार्थ्याला उलट्या वाटेने सायन्सच्या पदवीला येता येत नाही.

यावरूनच "काही ठरलं नसेल तर सायन्स घे" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. कर्नाटकात इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये सर्वसाधारण गटाला किमान ४५ टक्के लागतात, आणि सीईटीच्या रँकमध्ये निम्मा वाटा पीयूसीच्या गुणांचा असतो. ज्याला एसएसएलसीचं गणित-विज्ञान ओढूनताणून सुटलं, त्याने दार उघडं ठेवायचं म्हणून सायन्स घेतलं आणि दोन वर्षांनी जेमतेम पास झाला, तर ते दार कागदावरच उघडं राहतं. वर दोन वर्षांचा आत्मविश्वास जातो. गणित-विज्ञान बऱ्यापैकी जमत असेल आणि दुसरं काही ठरलेलं नसेल, तरच पीसीएमबी घ्या.

कॉमर्समध्ये मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स असलेलं कॉम्बिनेशन मिळत असेल आणि झेपत असेल तर ते घ्या. पुढे अर्थशास्त्र आणि संगणकाच्या काही अभ्यासक्रमांना गणिताची अट असते. सीएची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, त्यासाठी कॉमर्सच हवं असं नाही.

आर्ट्सकडे 'उरलेल्यांची शाखा' म्हणून बघणं थांबवायला हवं. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पीयूसीनंतर थेट करता येतो. त्याला सर्वसाधारण गटात ४५ टक्के लागतात, शाखेची अट नाही. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून आहे. स्पर्धा परीक्षांना बहुतेक ठिकाणी कोणतीही पदवी चालते. मराठी शाळांत शिक्षक व्हायचं असेल तर पदवीला मराठी, मग बीएड आणि टीईटी, ही वाट आर्ट्समधूनच सरळ जाते.

हातातली विद्या: आयटीआय, डिप्लोमा, टूल रूम

आमच्या भागात या वाटेबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि काम सगळ्यात जवळ इथेच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. निपाणीकरांना कागलची पंचतारांकित एमआयडीसी आणि गोकुळ शिरगाव हाकेच्या अंतरावर. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर हे ट्रेड इथे खरोखर लागतात.

आयटीआय निवडताना इमारत बघू नका, तुमच्या ट्रेडची मान्यता बघा. एकाच संस्थेत एका ट्रेडला केंद्राची मान्यता (जिला अजून एनसीव्हीटीच म्हणतात) असते, दुसऱ्याला नसते. "आमचं आयटीआय मान्यताप्राप्त आहे" एवढं उत्तर पुरेसं नाही. "फिटरच्या या वर्षीच्या तुकडीला एनसीव्हीटी आहे का?" असं विचारा. वर्कशॉपमध्ये जाऊन किती लेथ चालू आहेत तेही डोळ्यांनी बघा. कोर्स संपल्यावर अप्रेंटिसशिप करा. तिथे विद्यावेतन मिळतं आणि कंपनीचा अनुभव नावावर लागतो. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना कर्नाटकात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

डिप्लोमा तीन वर्षांचा. बेळगावात सरकारी पॉलिटेक्निक आहे, मराठा मंडळाचं आहे, चिकोडीत केएलईचं सी. बी. कोरे पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे एक अडचण येते, ती आत्ताच जाणून घ्या: पीयूसीवाल्यांनी दोन वर्षं जे गणित केलेलं असतं ते डिप्लोमावाल्यांचं झालेलं नसतं, त्यामुळे पहिलं वर्षभर गणित अंगावर येतं. इंजिनिअरिंग करायचं मनात असेल तर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापासून कॅल्क्युलसची तयारी ठेवा.

बेळगावातच सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, सगळे 'जीटीटीसी' म्हणतात. त्यांचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षं वर्गात-वर्कशॉपमध्ये आणि एक वर्ष कारखान्यात, असा चार वर्षांचा आहे. ज्यांना यंत्रापुढे उभं राहायला आवडतं पण चार भिंतींतला अभ्यास जड जातो, त्यांनी या संस्थेत एकदा जाऊनच यावं. माझ्या मते या जिल्ह्यातली ही सगळ्यात दुर्लक्षित संधी आहे.

सीमेच्या कोणत्या बाजूला शिकायचं?

निपाणीला लागूनच अर्जुननगर. १९६० पासून तिथे देवचंद कॉलेज आहे. वस्ती सलग, पण कॉलेजचा पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. म्हणजे तिथे अकरावी-बारावी केली तर बोर्ड महाराष्ट्राचं, आणि पदवी घेतली तर ती शिवाजी विद्यापीठाची. निपाणीच्या बागेवाडी कॉलेजात तीच वर्षं काढली तर पीयूसी कर्नाटकची आणि पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठाची. चालत जाण्याच्या अंतरात राज्य बदलतं आणि त्याबरोबर पुढचे हक्कही बदलतात.

*महाराष्ट्रात अकरावी केली तर कर्नाटकची सीईटी जाते का?* बहुतेकांची जात नाही. नियम असा की पहिली ते बारावीपैकी किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात झालेली असावीत आणि दहावी किंवा बारावी यांतली एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण असावी. पहिली ते दहावी निपाणीत झालेला विद्यार्थी यात बसतो. पण पीयूसीचे गुण परीक्षा प्राधिकरणाकडे आपोआप पोचतात, तसे महाराष्ट्र बोर्डाचे पोचत नाहीत. ते तुम्हाला स्वतः ऑनलाइन भरावे लागतात. न भरल्यास रँकच येत नाही.

*महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे प्रवेशांत सीमाभागाला काय आहे?* महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या नियमांत 'टाइप ई' असा उमेदवारांचा प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागात राहणारे, तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतून परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि मातृभाषा मराठी असलेले विद्यार्थी त्यात येतात. ठरावीक नमुन्यातले दोन दाखले लागतात, एक सीमाभागातल्या रहिवासाचा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. हा भाग म्हणजे महाराष्ट्राने दावा केलेली ८६५ गावं. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा. आणि लक्षात घ्या, अर्जुननगर महाराष्ट्रातच आहे, वादग्रस्त भागात नाही. तिथून बारावी केलेल्यांनी माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं कलम शब्दाशब्दाने वाचावं, आपण कोणत्या प्रकारात बसतो हे सुविधा केंद्रावर विचारावं आणि मगच अर्ज भरावा. चुकीचा प्रकार निवडला तर कागद तपासणीच्या वेळी जागा जाऊ शकते.

*जातीचा दाखला दोन्हीकडे चालतो का?* नाही, असं धरूनच चाला. उदाहरणार्थ, कर्नाटकात मराठा समाज '३ बी' प्रवर्गात येतो, महाराष्ट्रातली व्यवस्था वेगळी आहे. कर्नाटकच्या दाखल्यावर महाराष्ट्रातली राखीव जागा आपोआप मिळत नाही. पलीकडे जाण्याचा निर्णय सर्वसाधारण गटातल्या गुणांचा आणि फीचा हिशेब करून घ्या.

*ग्रामीण कोटा.* हा फार जणांच्या लक्षातच येत नाही. कर्नाटकच्या सीईटीत पहिली ते दहावी राज्याच्या ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेल्यांना १५ टक्के जागा आहेत. कन्नड माध्यमाचा ५ टक्क्यांचा कोटा मराठी शाळेच्या विद्यार्थ्याला मिळत नाही, पण ग्रामीण कोट्याला माध्यमाची आडकाठी नाही. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला विद्यार्थीही त्याला पात्र ठरतो. फक्त दहाही वर्षांचं स्टडी सर्टिफिकेट, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्याची (बीईओ) सही, हे सगळं वेळेत हवं.

अकरावीसाठी पलीकडे जाणार असाल तर आणखी एक बदल: २०२५ पासून महाराष्ट्रभर अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. पूर्वीसारखं थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरून चालत नाही. अर्जाची मुदत पाळावी लागते, आणि कर्नाटक बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढून ठेवावं लागतं.

मराठीतून इंग्रजीत जाताना

पीयूसीला सायन्स आणि कॉमर्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून असतं. मराठी हा भाषा-विषय म्हणून घेता येतो, पण प्रत्येक कॉलेजात शिकवणारे नसतात, प्रवेशाआधी विचारा. पलीकडे महाराष्ट्रात आर्ट्सचे पेपर मराठीतून लिहिता येतात, बीएसुद्धा मराठीतून करता येतं. ज्याची समज मराठीत चांगली आहे आणि इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राची ओढ आहे, त्याच्यासाठी हे एकच कारण सीमा ओलांडायला पुरेसं आहे.

इंग्रजीला घाबरून सायन्स सोडू नका, पण जूनपर्यंत रिकामेही बसू नका. कर्नाटक सरकारची दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतात, मजकूर एकच असतो. इंग्रजी माध्यमाचं पुस्तक मिळवा आणि तुमचाच शिकून झालेला धडा दोन्ही पुस्तकांत शेजारी ठेवून वाचा. आशय माहीत असल्यामुळे फक्त शब्द नवे राहतात. रोज एक धडा, आणि एका वहीत मराठी संज्ञा डावीकडे, इंग्रजी उजवीकडे. सुट्टीतल्या कोणत्याही क्रॅश कोर्सपेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

नीट मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. ती हवी असेल तर अर्जात केंद्र कोल्हापूरसारखं महाराष्ट्रातलं निवडा. बेळगाव निवडलंत तर मराठी पुस्तिका मिळणार नाही.

कन्नडकडे पाठ फिरवू नका, हेही कळकळीने सांगतो. कर्नाटकातच राहून सरकारी नोकरी, बँक, रुग्णालय, कोर्ट यांपैकी कुठेही काम करायचं असेल तर लिहिता-वाचता येणारं कन्नड लागणारच. मराठीचा आग्रह आणि कन्नडचं कौशल्य एकाच माणसात सुखाने नांदू शकतं.

पीयूसीनंतरही ठरलेलं नसेल तर

कर्नाटकात २०२१ ला आलेली चार वर्षांची पदवी २०२४-२५ पासून मागे घेतली गेली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांची पदवी आणि चौथं वर्ष ऑनर्सचं, अशी रचना आहे. पहिल्या वर्षानंतर ठरलेल्या अटी पूर्ण करून सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. ज्यांना मध्येच कमाईसाठी थांबावं लागण्याची भीती आहे, त्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी.

न ठरलेल्याने पदवीचं नाव निवडताना रुंद पदवी घ्यावी. बीए, बीकॉम, बीएस्सी या जुन्या पदव्या बहुतेक परीक्षांच्या जाहिरातींत चालतात. नव्या, भारदस्त नावाच्या पदवीबद्दल एकच प्रश्न विचारा: या पदवीवर बीएडला किंवा एमएला प्रवेश मिळतो का? उत्तर लगेच मिळालं नाही तर सावध व्हा.

बीबीए आणि बीसीए या अभ्यासक्रमांवर २०२४-२५ पासून एआयसीटीईची देखरेख आली आहे. त्यामुळे त्या कॉलेजच्या त्या कोर्सला या वर्षीची मान्यता आहे का ते बघा. कोल्हापूरला हे कोर्स करायचे असतील तर महाराष्ट्राची वेगळी सीईटी आहे. तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकालानंतर जागे झालेल्यांना वर्षभर थांबावं लागू शकतं. नर्सिंगला जाणाऱ्यांनी कॉलेजचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः शोधावं, डी फार्मवाल्यांनी फार्मसी कौन्सिलच्या यादीत. एजंटाने मोबाईलवर दाखवलेल्या पत्रावर विश्वास ठेवू नका.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि पहाटे मैदानावर पळणारी मुलं गावोगावी दिसतात. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात, आणि सेवा चार वर्षांची असते. दोन्ही राज्यांच्या पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. म्हणून दहावीवर थांबून फक्त पळत राहू नका. पीयूसीला किंवा पदवीला नाव घाला आणि मग पळा. महाराष्ट्र शासनाच्या १० जुलै २००८ च्या निर्णयाप्रमाणे ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरभरतीत अर्ज करता येतो. हा हक्क वापरणारे अजूनही थोडे आहेत.

बस, फी आणि शिष्यवृत्ती

मुलींच्या बाबतीत शाखा पुष्कळदा बसच्या वेळापत्रकावर ठरते. हे बदलायला हवं. जून २०२३ पासून कर्नाटकात रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे निपाणी, चिकोडी किंवा खानापूरहून बेळगावला रोज जाण्याचा बसखर्च मुलीसाठी उरलेला नाही. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतरापुरतं. "लांब आहे, खर्च होतो" हे कारण निदान बेळगावच्या बाबतीत आता चालणार नाही. उरते ती काळजी, आणि ती कॉलेजच्या वेळा आणि शेवटची गाडी बघून सोडवता येते.

निपाणी परिसरात आई किंवा वडील विडी कामगार असतील तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अकरावी-बारावीला वर्षाला ३,००० रुपये, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि पदवीला ६,०००, व्यावसायिक पदवीला २५,०००. विडी कामगाराचं ओळखपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. आईचं कार्ड घरात पेटीत पडून असतं आणि मुलगी फीसाठी कर्ज काढते, असं होऊ देऊ नका.

कर्नाटकची शिष्यवृत्ती राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर आणि महाराष्ट्राची महाडीबीटीवर मिळते. दोन्हीकडे रहिवासाची अट तपासतात. सीमा ओलांडून शिकणार असाल तर कोणती मिळेल ते आधी विचारा, आणि स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत खर्चाच्या हिशेबात शिष्यवृत्ती शून्य धरा.

निकालाआधीच काढून ठेवायचे कागद

- जात आणि उत्पन्नाचा दाखला, नाडकचेरीतून. जूनमध्ये रांगा लागतात, मार्चमध्ये लागत नाहीत.
- पहिलीपासूनचं स्टडी सर्टिफिकेट. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचं.
- टीसी आणि मार्क्सकार्ड हातात पडताच त्यांच्या भरपूर झेरॉक्स, आणि मोबाईलमध्ये स्पष्ट स्कॅन.
- सीमाभागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला, महाराष्ट्रात अर्ज करणार असाल तर.
- आधार, शाळेचा दाखला आणि मार्क्सकार्ड या तिन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते तपासा. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं, आडनाव पुढे-मागे होतं. दुरुस्तीला महिने लागतात.

निपाणी तालुका चिकोडीतून वेगळा झाला, २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जुन्या आणि नव्या कागदांवर तालुका-जिल्हा वेगळा दिसला तर घाबरू नका, पण तहसीलदाराकडून एक खुलाशाचा दाखला जवळ ठेवा.

प्रवेश घेतला, आणि आता चुकल्यासारखं वाटतंय

पहिले तीन-चार आठवडे बऱ्याच जणांना असं वाटतं, विशेषतः भाषा बदललेली असेल तर. तेवढ्यावरून सोडू नका. पण पहिली चाचणी झाल्यावरही वर्गात काय चाललंय ते समजत नसेल आणि घरी पुस्तक उघडायची इच्छा होत नसेल, तर लगेच बोला. पीयूसीला कॉम्बिनेशन किंवा शाखा बदलायची असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांतच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, दिवाळीनंतर ते जवळपास अशक्य होतं. नापास झालात तरी कर्नाटकात एसएसएलसी आणि दुसऱ्या पीयूसीच्या एकाच वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात, आणि जास्त पडलेले गुण धरले जातात. एका निकालावरून वर्ष गेलं असं समजून घरी बसू नका.

पदवीचा प्रवेश रद्द करायचा असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये घालून दिलेला फी परताव्याचा नियम तुमच्या बाजूने आहे:

- प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के फी परत (थोडं प्रक्रिया शुल्क कापून)
- शेवटच्या तारखेआधी, पण १५ दिवसांपेक्षा कमी उरलेले असताना, ९० टक्के
- शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के
- त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के
- ३० दिवसांनंतर काही नाही

मूळ मार्क्सकार्ड आणि टीसी अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. त्यांनी ती तपासून, तुमच्या सहीच्या प्रती ठेवून तुम्हाला परत द्यायची असतात. "पूर्ण तीन वर्षांची फी भरा, मगच कागद देतो" असं कुणी म्हणालं तर भांडत बसू नका, तेच त्यांच्याकडून लेखी मागा. नाही दिलं तर तुम्हीच पत्र लिहा: कोणत्या तारखेला प्रवेश घेतला, किती फी भरली, कोणत्या तारखेला रद्द करतोय, कोणते मूळ कागद त्यांच्याकडे आहेत. पत्राच्या दोन प्रती करा, एक ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर तीच प्रत जोडून विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. वरचे सगळे दिवस त्या शिक्क्यावरच्या तारखेवरून मोजता येतात, म्हणून पोच मिळाल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.